मुंबई–नागपूर विमान: अंतर ६८० किलोमीटर, मग तिकिटावर दीड-पावणेदोन तास का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाईंना घेऊन नागपूरला लग्नाला जायचं आहे. एका संकेतस्थळावर मुंबई ते नागपूर हवाई अंतर ६८० किलोमीटर आणि वेळ एक तास दाखवली आहे, दुसऱ्यावर एक तास वीस मिनिटं. तिकिटावर मात्र जाताना १ तास ३० मिनिटं आणि येताना १ तास ४५ मिनिटं. यातलं खरं काय? आणि परतीच्या दिवशी संध्याकाळच्या विमानाने मुंबईत उतरून त्याच रात्री दादरला कोकणकन्या एक्सप्रेस गाठता येईल का? पुढे कणकवलीला जायचं आहे.

ताई, मी बरीच वर्षं सहारला, म्हणजे मुंबई विमानतळावर, एका विमान कंपनीच्या फ्लाइट डिस्पॅच विभागात काम केलं. वैमानिक विमानात चढण्याआधी त्याच्या हातात उड्डाणाचा जो आराखडा पडतो, तो आम्ही तयार करायचो: कुठल्या मार्गाने जायचं, किती उंचीवरून, किती इंधन घ्यायचं, किती वेळ लागेल. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. तुम्ही पाहिलेले सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ते एकाच गोष्टीचे नाहीत. तुमच्या कामाचा त्यातला एकच, तो म्हणजे तिकिटावरचा. कोकणकन्या मिळेल, पण दादरचा हट्ट सोडा, गाडी ठाण्याला पकडा. आणि विमान असं निवडा की ते कागदोपत्री साडेसातच्या आत मुंबईत पोहोचेल.

आता अंतराचं बघू. ६८० किलोमीटर हे मुंबई विमानतळापासून नागपूर विमानतळापर्यंत पृथ्वीच्या पाठीवरून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या रेषेचं अंतर. आम्ही ते नॉटिकल मैलात मोजतो, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणून आमच्या कागदावर ते ३६७ च्या आसपास दिसतं. तुलनेला सांगायचं तर सीएसएमटी ते नागपूर रेल्वेमार्ग ८३७ किलोमीटरचा आहे आणि समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. समृद्धी इतका सरळ आखलेला आहे की तो हवाई रेषेच्या बराच जवळ जातो. रस्त्याच्या बाबतीत असं क्वचितच घडतं. काही संकेतस्थळं विमानतळाऐवजी शहराचा मध्य धरतात. मुंबईचा मध्य म्हणून फोर्ट धरला तर तिथेच दहाएक किलोमीटरचा फरक पडतो. म्हणून ६७०, ६८५, ७०० असे वेगवेगळे आकडे दिसले तर गोंधळून जाऊ नका.

पहिलं संकेतस्थळ हे अंतर विमानाच्या वेगाने भागतं. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ वरच्या उंचीवर ताशी साधारण ८३० किलोमीटरने जातं. ६८० भागिले ८३० म्हणजे ४९ मिनिटं, त्यात थोडी भर घालून एक तास. दुसरं संकेतस्थळ याच ४९ मिनिटांत उड्डाण आणि उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास मिळवतं, झाले एक तास वीस. दोन्हीकडे धावपट्टी नाही, वारा नाही, रांग नाही. मुंबईच्या विमानप्रवासात तर खरा वेळ याच तीन गोष्टी ठरवतात.

तिकिटावरची वेळ आम्ही ब्लॉक टाइम म्हणून ओळखतो. विमान गेटवर उभं असताना चाकांना पुढून-मागून ठोकळे लावलेले असतात, त्यांना चॉक म्हणतात. दार बंद होतं, खालचा माणूस ते ठोकळे काढून दोन्ही हातांत वर धरून वैमानिकाला दाखवतो, पुशबॅकचा ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलतो. ब्लॉक टाइमचं घड्याळ तिथे सुरू होतं आणि दुसऱ्या गावी गेटवर पुन्हा चॉक लागले की थांबतं. आताच्या विमानांतून या नोंदी आपोआप जमिनीवर येतात: गेट सोडलं, चाकं जमिनीवरून उचलली, चाकं टेकली, गेटला लागलं. पहिल्या आणि शेवटच्या नोंदीतलं अंतर तुमच्या तिकिटावर छापलेलं असतं, मधल्या दोघींमधलं असतं ते खरं उडणं. मुंबई–नागपूरला खरं उडणं साधारण एक तास दहा मिनिटांचं.

हे एक तास दहा कुठे जातात ते पाहण्यासारखं आहे, कारण लोकांना वाटतं विमान वर गेलं की पूर्ण वेगाने सुटतं. मुंबईत वर्षातला बराचसा काळ विमानं २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून उडतात. २७ म्हणजे २७० अंश, नाक पश्चिमेला. विमान घाटकोपर–कुर्ल्याच्या बाजूने धावायला लागतं आणि जुहूवरून समुद्रावर जातं. नागपूर आहे पूर्व-ईशान्येला. म्हणजे तुम्हाला नागपूरला जायचंय आणि विमान आधी अरबी समुद्राकडे निघतं, मग वळसा घेऊन परत जमिनीवर येतं. खिडकीशी बसलात तर पाणी दिसेल, पंख कलेल आणि थोड्या वेळाने पुन्हा वस्ती. त्या वळशातच काही मिनिटं जातात. शिवाय दहा हजार फुटांच्या खाली वेगाला २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६० किलोमीटर.

तिथून पुढे विमान चढत राहतं. छत्तीस हजार फुटांवर पोहोचेपर्यंत जमिनीवरचं दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर अंतर कापलेलं असतं, म्हणजे शिर्डी–वैजापूरचा पट्टा आलेला असतो. उतरण्याचाही हिशोब आहे. उंची हजार फुटांत घ्यायची आणि तिनाने गुणायची: ३६ गुणिले ३ म्हणजे १०८ नॉटिकल मैल, सुमारे २०० किलोमीटर. इतक्या आधीपासून उतरायला सुरुवात करावी लागते. नागपूरच्या अलीकडे २०० किलोमीटर म्हणजे वाशीम–अकोल्याच्या आसपास. तेव्हा ज्या वेगाने संकेतस्थळ पूर्ण ६८० किलोमीटर भागतं, तो वेग विमानाला मिळतो फक्त मधल्या अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरना, जेमतेम वीस मिनिटं. बाकी चढणं आणि उतरणं. म्हणून कमी अंतराच्या उड्डाणाला भागाकाराने काढलेली वेळ हमखास चुकते. अंतर जितकं जास्त तितका भागाकार खऱ्याच्या जवळ जातो.

विमानाचा प्रकारही बघत जा. एटीआर ७२ हे पंख्याचं विमान, छोट्या गावांना जाणारं, ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास चालतं. तीनशे किलोमीटरच्या प्रवासात ते जेटपेक्षा फारसं मागे पडत नाही, पण सातशे किलोमीटरला अर्धा तास जास्त घेतं.

आता वारा. आराखड्याच्या कागदावर वरती इंधनाचे रकाने असतात: गेट ते धावपट्टीपर्यंतचं, प्रवासाचं, त्यावर पाच टक्के आकस्मिक, पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि शेवटी अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं राखीव, ज्याला नेहमीच्या प्रवासात हात लावायचा नसतो. त्याखाली मार्गावरच्या बिंदूंची यादी, पाच-पाच अक्षरांची नावं, आणि प्रत्येक नावासमोर उंची, अंतर, वेळ आणि वारा. वाऱ्याच्या रकान्यात २७०/७० असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, वारा पश्चिमेकडून ७० नॉटने वाहतोय. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा झोत वाहतो, त्याची दक्षिणेकडची कड आपल्या मार्गांवरही जाणवते.

याचा खरा परिणाम पाहायचा तर मुंबई–कोलकाता घ्या. अंतर सुमारे १,६६० किलोमीटर, जवळजवळ सरळ पूर्व-पश्चिम. ७० नॉट म्हणजे ताशी १३० किलोमीटर. जाताना पाठीवर वारा, विमान जमिनीच्या हिशोबात ९६० ने धावतं. येताना तोंडावर वारा, ७०० ने. वरच्या उंचीवरचे साडेबाराशे किलोमीटर धरले तर जायला अठ्ठ्याहत्तर मिनिटं, यायला एकशे सात. विमान तेच, वैमानिक तेच, आणि फरक अर्ध्या तासाचा. नागपूरला वर राहण्याचा काळच थोडा, त्यामुळे हाच वारा पाच-सात मिनिटांहून अधिक फरक करत नाही. दिल्लीचा मार्ग उत्तरेकडे जातो, तिथे वारा बराचसा बाजूने येतो.

पावसाळ्यात चित्र उलटं होतं, आणि ही मला नेहमी विलक्षण वाटलेली गोष्ट. जून ते सप्टेंबर दक्षिण भारतावर खूप उंचीवरून वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. या पूर्वेकडच्या झोताचा शोध भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात लावला. त्याचा मुख्य जोर आपल्या विमानांच्याही वर असतो, पण पस्तीस-छत्तीस हजार फुटांवर त्याचा हात लागतो. मग पूर्वेकडून मुंबईला येणाऱ्या विमानाला तोच वारा मदत करतो. त्यामुळे डिसेंबरातल्या अनुभवावरून जुलैतली वेळ ठरवू नये. कंपन्यांची वेळापत्रकंही मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा: येताना पंधरा मिनिटं जास्त का? वारा आहेच, पण खरं कारण मुंबई.

मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, ०९/२७ आणि १४/३२, आणि त्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान असलं की दुसरीवर दुसरं सोडता येत नाही. नावाला दोन असल्या तरी एका वेळी एकच कामाची. तिच्यावर विमानं सव्वा-दीड मिनिटाच्या अंतराने उतरतात आणि उडतात. याहून घट्ट बसवायला जागाच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने मुंबईची उड्डाणं कमी करायला लावली, गर्दीच्या तासांत ताशी ४६ वरून ४४ आणि इतर वेळी ४४ वरून ४२. त्यांनी दिलेलं कारण असं होतं की विमानांना मुंबईवर ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागत होत्या, आणि ४० मिनिटांच्या घिरट्यांत साधारण १.७ किलोलीटर इंधन जळतं. म्हणजे नागपूरहून येणारं विमान ज्या वेळात आणखी अर्ध्या वाटेवर जाऊन आलं असतं, तेवढा वेळ ते एकाच जागी फिरत राहायचं.

खरं तर नागपूरहून येणाऱ्याला भूगोलाची साथ असते. २७ वर उतरणारी विमानं पूर्वेकडून येतात, नवी मुंबईवरून, ठाण्याची खाडी ओलांडून, घाटकोपरच्या टेकडीवरच्या घरांवरून. नागपूरही पूर्वेलाच, त्यामुळे जाताना घ्यावा लागला तसा वळसा येताना लागत नाही. पण त्याच तोंडाशी दिल्ली, बंगळूर, दुबई, गोवा अशा सगळीकडची विमानं एका रेषेत आणायची असतात. कल्याणच्या अलीकडे लोकल सिग्नलला उभी राहते तशी विमानं उभी राहू शकत नाहीत, म्हणून त्यांचा वेग कमी करतात, वाट लांबवतात किंवा ठरलेल्या बिंदूवर फेऱ्या मारायला लावतात. हल्ली यावर एक चांगला उपाय रुळला आहे. मुंबईत गर्दी होणार हे आधी दिसलं की भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं प्रवाह नियोजन केंद्र विमानाला निघण्याच्या गावीच थांबवतं. नागपूरला सगळे बसले, दार बंद झालं, आणि पायलट सांगतोय की मुंबईकडून वेळ मिळालेली नाही, वीस मिनिटं लागतील. प्रवासी वैतागतात, पण इंधन न जाळता जमिनीवर थांबणं हवेत फिरण्यापेक्षा केव्हाही बरं.

कंपन्यांना हे माहीत असल्यामुळे त्या वेळापत्रकात थोडी जागा सोडतात. तुमचे १ तास ४५ मिनिटं त्यातूनच आले. एखाद्या दिवशी रांग लागली नाही तर तेच विमान वीस मिनिटं लवकर पोहोचतं आणि पायलट ते आनंदाने जाहीर करतो. लोकांना वाटतं वेळ फुगवून छापली. मी या बाबतीत कंपन्यांच्या बाजूने आहे. दररोज उशीर होणार हे दिसत असताना कमी वेळ छापणं प्रवाशाची फसवणूक झाली असती. विमान वेळेवर आहे का हे मोजताना पंधरा मिनिटांची सूट धरतात, तेव्हा छापील वेळेनंतर पंधरा मिनिटांनी आलेलं विमानही हिशोबात वेळेवरच असतं. मुंबई–दिल्ली ११४० किलोमीटर, उडणं पावणेदोन तासांच्या आतबाहेर, आणि तिकिटावर सव्वादोन तास किंवा त्याच्या आसपास. कारण तिथे दोन्ही टोकांना गर्दी आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं.

जाताना मुंबईतला दुसरा वेळखाऊ भाग म्हणजे गेटपासून धावपट्टीपर्यंतची वाट. २७ चं सुरुवातीचं टोक पूर्वेला आहे. टर्मिनल १ पश्चिमेकडे, विलेपार्ले–सांताक्रूझच्या बाजूला, त्यामुळे तिथल्या विमानाला लांब चालत जाऊन मग रांगेत उभं राहावं लागतं. पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. नागपूरला उतरल्यावर पाच मिनिटांत गेट मिळतं. म्हणून जाताना दीड तास. तुमचं विमान कुठल्या टर्मिनलवरून आहे ते तिकिटावर लिहिलेलं असतं. ते आदल्या दिवशी पुन्हा बघा, कारण कंपन्यांच्या जागा बदलत असतात.

आणखी एक तारीख सांभाळायची. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या देखभालीसाठी एक दिवस काही तास बंद ठेवतात. १७ ऑक्टोबर २०२३ ला आणि ९ मे २०२४ ला सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच अशा ठेवल्या होत्या. ही घोषणा बरीच आधी होते. त्या दिवशी पाचनंतर मोठी गर्दी असते, तेव्हा तुमची तारीख त्यावर येत नाही ना ते पाहून घ्या.

आता कोकणकन्येचं गणित मांडू. गाडी सीएसएमटीहून रात्री अकराच्या सुमारास निघते, मग दादर, साधारण चाळीस मिनिटांनी ठाणे, पुढे पनवेल. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, ते त्या तारखेचं बघा. समजा विमान कागदावर साडेसातला मुंबईत येतं. अर्धा तास उशीर धरा, आठ. आता सासूबाई. त्यांच्यासाठी व्हीलचेअर सांगणार असाल (आणि सांगाच, तिकीट काढतानाच, निदान दोन दिवस आधी), तर व्हीलचेअरचे प्रवासी सगळ्यांत शेवटी उतरतात. सगळं विमान रिकामं होतं, मग माणूस खुर्ची घेऊन येतो. त्यात वीस मिनिटं. सामानाचा पट्टा, लिफ्ट, बाहेरची गाडी मिळेपर्यंत पावणेनऊ-नऊ. तिथून ठाण्याला त्या वेळी टॅक्सीने तासभर ते सव्वा तास धरा. सव्वादहापर्यंत तुम्ही ठाण्याच्या फलाटावर असाल, हातात तासाहून जास्त वेळ. जेवूनही होईल.

दादरला जायचं ठरवलं तर गाडी अर्धा तास आधी, सामान घेऊन पुलावरून चढउतार, आणि रात्रीची गर्दी. म्हाताऱ्या माणसाला तो त्रास कशाला द्यायचा? आरक्षण सीएसएमटी किंवा दादरहून झालं असेल तर बोर्डिंग स्टेशन ठाणे करून घ्या, मुदतीच्या आत. एकदा बदललं की आधीच्या स्टेशनवरून चढता येत नाही, एवढं लक्षात ठेवा. तुम्ही एकट्या असतात तर टर्मिनल २ वरून मेट्रो ३ ने एकच स्टेशन मरोळ नाका, तिथे मेट्रो १ ने घाटकोपर आणि पुढे लोकलने ठाणे, हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग. रस्त्यावरच्या वाहतुकीचा त्याला काही संबंध नाही. पण सासूबाई आणि लग्नातल्या बॅगा असताना मी टॅक्सीच सांगेन.

रात्रीचं शेवटचं विमान मात्र घेऊ नका, मग ते कितीही स्वस्त असो. एकच विमान सकाळपासून पाच-सहा फेऱ्या करतं आणि सकाळी एका गावी झालेला पाऊण तासाचा उशीर संध्याकाळपर्यंत अंगावर चढत जातो. दुपारचं विमान मिळालं तर त्याहून उत्तम; तीन तास टर्मिनलवर बसावं लागलं तरी चालेल. पावसाळ्यात मुंबईवर जोराची सर आली की विमान अहमदाबाद, सुरत किंवा हैदराबादलाही वळू शकतं, आणि तसं झालं तर त्या रात्रीची गाडी गेलीच. जुलैचं लग्न असेल तर मी मधे एक रात्र मुंबईत काढेन.

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुरू झाली आहेत. तुमच्यासाठी हा पर्याय खरंच पाहण्यासारखा आहे. तिथे उतरलात तर पनवेल जवळ, आणि कोकणकन्या पनवेलला थांबते, तीही ठाण्यानंतर. ठाण्यापर्यंतचा सगळा रस्ता वाचतो. नागपूरचं सोयीच्या वेळेचं विमान तिथे मिळत असेल तर बोर्डिंग पनवेलहून करून टाका. तिकिटावर सांताक्रूझ–सहारच्या विमानतळाचा कोड बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय असा असतो. मुंबईचं तिकीट शोधताना दोन्ही एकत्र समोर येतात, तेव्हा पैसे भरण्याआधी जाताना कुठून आणि येताना कुठे, हे दोन्ही वाचा. सकाळी सहारला जाऊन उभं राहायचं आणि विमान उलव्याहून असायचं, असं व्हायला नको.

शेवटी उशीर झालाच तर तुमचा हक्क काय, कारण तोही या ब्लॉक टाइमवरच ठरतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे ज्या उड्डाणाचा ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत आहे, त्याला दोन तास किंवा अधिक उशीर झाला तर वेळेवर विमानतळावर आलेल्या प्रवाशाला कंपनीने खाणंपिणं द्यायचं असतं. नागपूर या गटात बसतं. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ही मर्यादा तीन तासांची. सहा तासांच्या वर उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड प्रवाशाची. काउंटरवर हे मागावं लागतं, आपणहून कोणी देईलच असं नाही. रेल्वेचं तिकीट मात्र वेगळं काढलेलं असल्यामुळे विमानाच्या उशिरासाठी रेल्वे किंवा विमान कंपनी दोघेही त्याचे पैसे देत नाहीत. तेव्हा त्या दिवशी नागपूरला विमान दोन तासांहून जास्त अडकलं असं दिसलं, तर कोकणकन्येचा नाद सोडा आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या जनशताब्दीचं बघा.